आहात तिथेच थांबा

सोमवार, ४ मार्च

आले एकदाची! स्टेशनावर ताई, भावोजी आणि गोटी तिघंही हजर. गोटी म्हणजे माझी सहा वर्षांची भाची. खरं नाव फक्त शाळेपुरतं, बाकी जगाला ती गोटीच. मावशीची पिशवी मीच नेणार असा तिने हट्ट धरला आणि चार पावलांत ती भावोजींच्या गळ्यात मारली. भावोजी म्हणाले की या घरात हौस मायलेकींची आणि हमाली आमची. ताईने डोळे वटारले. म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे.

मला मागची खोली दिलीय. खिडकीतून शेजाऱ्यांच्या दोरीवरचे कपडे दिसतात आणि त्यांच्या घरात कोण कोण राहतं ते मी आत्ताच ओळखून टाकलंय. पलंगावर नवी चादर, उशाशी ही वही. ताई म्हणाली, नवं गाव, नवी नोकरी, लिहीत जा काहीतरी, नाहीतर सगळं मला सांगत बसशील आणि माझा स्वयंपाक करपेल.

आमची बालशाळा बंद पडल्यापासून वर्षभर घरी बसून माझ्यावर बुरशी चढायची तेवढी राहिली होती. आता नोकरी, आणि तीही बोलण्याची! भावोजी म्हणतात, आजवर फुकट बडबडलीस, यापुढे पगारी.

बुधवार, ६ मार्च

दुकान कसलं, गावच आहे ते. तळाला अत्तरं आणि दागिने, वर कपडे, त्यावर भांडीकुंडी, तिसऱ्या मजल्यावर चपला आणि चष्मे, सगळ्यात वर खाण्याचा हॉल आणि मुलांना उड्या मारायला रबरी गाद्या. मधोमध खालपासून छतापर्यंत मोकळी जागा आणि तिच्या कडेने सरकते जिने. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, तीन बाजूंनी काच. मत्स्यालयात बसल्यासारखं वाटतं. लहान मुलं येऊन काचेला नाक लावतात, मीही आतून लावते.

काम सोपं. हरवलेली मुलं, सापडलेल्या छत्र्या, आजची सवलत, दुकान बंद व्हायची वेळ. पण पहिल्या दिवशी साहेबांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, आणखी एक काम दिलं. एक वाक्य ध्वनिमुद्रित करायचं होतं. 'कृपया शांत राहा. काळजीचं काही कारण नाही. आहात तिथेच थांबा.' साउंडवाला यंत्र घेऊन बसला. मी म्हटलं, साहेबांनी मान हलवली. पुन्हा म्हटलं, पुन्हा मान हलवली. सूचना वाटतेय, म्हणाले, आई वाटायला हवी. मग मी डोळे मिटले आणि शाळेत दुपारी मुलांना झोपवायची तो आवाज काढला. त्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. वाक्य संपायच्या आत साउंडवाल्याने जांभई दिली. सगळे हसले. साहेब हसले नाहीत. हेच, म्हणाले.

साहेब मृदू बोलतात, समोरच्याला आधी बसायला सांगतात. तरुणपणी ते दुसऱ्या एका दुकानात होते. तिथे कोणीतरी 'आग' म्हणून ओरडलं, लोक पळत सुटले, दाराची काच फुटली, माणसं कापली गेली. आग नव्हतीच, उपाहारगृहात दूध उतू गेलं होतं. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं आहे. माणूस एकेकटा शहाणा असतो, गर्दी झाली की गुरं. खरं सांगितलं की तुडवातुडवी. म्हणून आधी शांत करायचं, मग काय झालंय ते आपण बघायचं.

पटलं मला. एवढी माणसं आणि त्यांना धरून ठेवणारा आवाज माझा! गोटीला सांगितलं तर ती म्हणाली, म्हणजे तू सगळ्यांची बाई.

मंगळवार, १२ मार्च

आज मजा झाली. एक आजी रडत काचेपाशी आल्या. आजोबा हरवले होते आणि आजोबांना ऐकू येत नव्हतं. आता त्यांना हाक मारून काय उपयोग? म्हणून मी बाकीच्या सगळ्यांनाच सांगितलं. निळा मफलर, हातात काठी, हाक मारू नका, नुसतं शोधा.

आणि अख्खं दुकान कामाला लागलं! एकमेकांना न ओळखणारी माणसं मजले वाटून घेत होती. कोणी आजींना खुर्ची दिली, कोणी पाणी, एका बाईने स्वतःचं मूल त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेवढंच मन रमेल म्हणून. आजोबा सापडले गाद्यांच्या विभागात. नमुन्याच्या पलंगावर गाढ झोपले होते. टाळ्या पडल्या.

साहेबांना म्हटलं, ही गुरं नाही वाटत हो. ते म्हणाले, खूश असते तोवर गर्दी गोडच असते.

मंगळवार, १९ मार्च

पहिल्यांदा धोक्याची घंटा ऐकली. दुकान एका क्षणात थिजलं. सरकत्या जिन्यांवरची माणसं तेवढी हलत होती, तीही पुतळ्यासारखी. सगळ्या माना वर, मग एकमेकांकडे. मी बटण दाबलं. माझं वाक्य सुरू झालं. संपायच्या आत माना खाली आल्या.

एक बाई लेकाचा हात धरून जिन्याकडे निघाली होती. ती थांबली, आजूबाजूला बघून ओशाळं हसली आणि परत कपड्यांकडे वळली.

तळघरातल्या गोदामात कुठलीशी वायर तापली होती म्हणे. दुरुस्त केली. चहाच्या वेळी खालची अत्तरवाली मुद्दाम वर आली. दुकान उघडल्यापासून इथे आहे ती, आणि बोलायला अशी की समोरच्याने श्वास कधी घ्यावा तेच कळत नाही. म्हणाली, तुझं ऐकून माझ्या समोरचं गिऱ्हाईक बाटली हातात धरून पेंगायला लागलं. मी फुलून गेले.

शुक्रवार, २९ मार्च

घंटा या आठवड्यात पुन्हा पुन्हा झाली. साहेबांनी आता सोय केलीय. घंटा वाजली की यंत्र आपोआप माझं वाक्य लावतं, आणि घंटा चालू असेपर्यंत माइक बंद राहतो. घाबरून कोणी भलतंसलतं बोलू नये म्हणून. तुम्हाला धावत यायला नको, म्हणाले. काळजीनेच म्हणाले.

आज मी कर्मचाऱ्यांच्या खोलीत चहा पीत होते आणि भिंतीतून मीच बोलले. कप ओठाशी तसाच राहिला. स्वतःचा आवाज असा बाहेरून येतो तेव्हा तो आपला वाटत नाही. आपल्यापेक्षा शहाण्या कोणाचा तरी वाटतो. खोलीत सगळे बसून राहिले. मीही.

पहिल्या वेळी लोकांनी वर बघितलं होतं. मग एकमेकांकडे बघायला लागले. आज कोणी कुठेच बघितलं नाही.

शनिवार, ६ एप्रिल

वास येतो. रबर जळल्यासारखा. कधी तळाला, कधी माझ्या टेबलाखालच्या जाळीतून. सगळ्यांना येतो. अत्तरवाली दर तासाला हवेत फवारा मारते आणि म्हणते, नवीन माल आलाय, नाव अजून ठरायचंय. गिऱ्हाइकं हसतात.

आज मी तिच्या काउंटरपाशी उभी असताना वास भसकन आला. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती माझ्या. दोघींची तोंडं शांत. मग मीही निवांत झाले. नंतर सहज विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, वाटत होती की, पण तू गप्प होतीस, तुला वरून सगळं कळत असणार. मी गप्प होते कारण ती इतकी वर्षं इथे आहे. तिला कळत असणार.

रविवार, १४ एप्रिल

हे लिहू की नको, असं झालंय.

दुपारी ताई आंघोळीला गेली होती. मी स्वयंपाकघरात बसून वाटाणे सोलत होते. शेगडीशेजारी फडकं लोंबत होतं. त्याच्या टोकाने पेट घेतला. मला दिसलं. छोटीशी ज्योत, मग मोठी, मग भिंतीवरचं कॅलेंडर काळं पडायला लागलं. मी सोलत राहिले. घाबरून हातपाय गळाले असं नव्हतं, उलट छान वाटत होतं. डोक्यात कोणीतरी हळू आवाजात सांगत होतं की काळजीचं काही कारण नाही.

ताई ओल्या केसांनी धावत आली आणि बादली ओतली. मग माझ्याकडे बघत राहिली. माझ्या मांडीवर वाटाण्याची टरफलं होती आणि त्यांच्यात राख पडली होती. ती म्हणाली, अगं, तू बघत होतीस?

तिने भावोजींना सांगितलेलं नाही.

गुरुवार, १८ एप्रिल

काल साहेबांकडे गेले. म्हटलं, ते वाक्य काढून टाका. नाहीतर निदान काय झालंय ते तरी लोकांना सांगा. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, तुमच्या आवाजामुळे आजवर कोणाला खरचटलंसुद्धा नाही. आणि उद्या काही खरंच झालं, तर लोकांना बाहेर काढायला मी आहे ना? त्यांचा स्वतःवर विश्वास आहे. मी पाणी न पिताच उठले.

आज घंटा झाली तेव्हा ठरवून उठले. काचेच्या खोलीतून निघाले आणि सरळ खाली चालायला लागले. पळाले नाही, चालले. माझाच आवाज डोक्यावरून मला थांबायला सांगत होता. लोक बघत होते. एका पोराने आईला विचारलं, ही बाई कुठे चालली? आईने त्याला गप्प केलं. अत्तरवालीने हाताने खूण केली, काय गं? चष्मेवाला त्याच वेळी जेवणाचा डबा घेऊन खालून वर येत होता. तिसऱ्या मजल्यावर त्याचं काउंटर आहे. तो तेवढा थांबला आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट बघत राहिला.

बाहेर फुटपाथवर मी एकटी. काचेतून आत सगळं दुकान दिसत होतं. कोणी कपडे अंगाला लावून बघतंय, कोणी आरशापुढे केस सारखे करतंय. घंटा वाजतेय आणि मी बोलतेय.

मला लाज वाटली. परत आत गेले.

शनिवार, २० एप्रिल

ताई आणि गोटी आल्यात. गोटीला चपला घेऊन झाल्या, आता वर आइस्क्रीम खातायत. काचेला नाक लावून गेली. ताई खुशीत आहे. जाताना म्हणाली, माझी बहीण म्हणजे इथला आवाज, असं मी चपलावाल्यालाही सांगितलं —

घंटा. नेहमीचीच असेल.

मधल्या मोकळ्या जागेतून काहीतरी वर येतंय. करडं. सावकाश. धूळ असेल —

धूळ नाही.

बुधवार, २४ एप्रिल

दवाखाना. घशाला काही झालेलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. धूर गेला होता, तो निघाला. आवाज मात्र येत नाही. बोलायचं ते याच वहीत लिहून दाखवते.

ताई गेली.

लिहून ठेवते, नाहीतर —

माइक उचलला होता. बंद. यंत्र माझं वाक्य संपवायचं आणि पुन्हा सुरू करायचं. मी काचेवर मुठी आपटल्या. खालच्या दोघींनी वर बघितलं आणि हसून हात हलवला.

मी वर पळाले. तिसऱ्या मजल्यावर चष्मेवाला खुर्चीवर उभा होता. ओरडत नव्हता, मोठ्याने सांगत होता. तळघरात आग लागलीय. धूर मधून वर येतोय. मागचा जिना मोकळा आहे. चला. त्याने खरं सांगितलं आणि लोक निघाले. इतकंच. कोणी कोणाला ढकललं नाही. एकाने कोणाचीतरी आई पाठीवर घेतली. एक बाई मागच्यांसाठी सारखी सांगत होती, पायरी आहे, आता वळण आहे. प्रत्येकाचा हात पुढच्याच्या खांद्यावर. मी उलटी वर चाललेली बघून सगळे भिंतीला चिकटले आणि मला वाट दिली.

वरच्या हॉलच्या दारातून मुलं येत होती. माणसांच्या डोक्यांवरून, या हातातून त्या हातात. गोटीही तशीच माझ्या हातात आली. एका पायात नवी चप्पल. मी ताईला हाक मारली. मारली असणार. मला ऐकू आला तो वरचाच आवाज. आहात तिथेच थांबा.

मग धुराने दार दिसेनासं झालं. कोणीतरी मला कमरेला धरून खाली ओढलं. कोण ते माहीत नाही. गोटी माझ्या मानेला चावली होती, सोडू नये म्हणून.

रविवार, २८ एप्रिल

घरी आणलं. घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं. सगळी जिन्यावरची. त्या दिवसाआधी कोणी कोणाला ओळखत नव्हतं. आता पाळी लावून जेवण आणतात, गोटीला शाळेत नेतात, भांडी घासतात. चष्मेवाला रोज येऊन भावोजींजवळ बसतो. अत्तरवालीही वाचली. ती बोलत नाही. तिचं गप्प बसणं बघवत नाही.

मी कुजबुजायचा प्रयत्न केला की गोटी माझ्या तोंडावर हात ठेवते.

शुक्रवार, ३ मे

एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या. वर ताईच्या शेजारच्या टेबलावर होत्या. मला मुद्दाम सांगायला आल्या, तुमची बहीण किती चांगली होती ते.

घंटा झाली तेव्हा काही जण उठले होते. ताईने त्यांना परत बसवलं. म्हणाली, हा माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज आहे. ती लहान पोरांशीसुद्धा खोटं बोलत नाही.

बसले ते.

धूर हॉलमध्ये शिरला तेव्हा पहिली उठली तीही ताईच. मुलांना पुढे द्या, म्हणाली. या बाईंनाही तिनेच पुढे ढकललं. आपण मागे राहिली.

बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. समाधान द्यायला आल्या होत्या हो. चांगल्या मनाने —

भावोजी दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

शनिवार, ११ मे

पेपरात आलंय, घबराट पसरली, चेंगराचेंगरीत बळी. मालकांचा माणूस कागद घेऊन आला होता, मीही तसंच सांगावं म्हणून. मी वहीत लिहून दाखवलं. कोणीही तुडवलं गेलं नाही. जे पळाले असते ते वाचले असते. वरचे टेबलांभोवती सापडले. काही तर खुर्च्यांवरच.

साहेबही. त्यांच्या खोलीत. खुर्चीत. दार उघडं होतं आणि जिना समोरच.

त्यांना तर माहीत होतं ना, की ते वाक्य नुसतं —

गुरुवार, १६ मे

चौकशीला बोलावलंय. भावोजी माझ्याशी बोलत नाहीत, पण मी येतो म्हणाले. गोटीला ठेवायला कोणी नाही. सगळेच तिकडे येणार. जिन्यावरचे सगळे.

मी बोलत नाही तोवर ठीक आहे.

काल आरशापुढे एकटी होते. 'ताई' एवढंच म्हणून बघावं म्हटलं. तोंड उघडलं. शब्द आले. ते नव्हे. दुसरेच आले. तोंड मिटलं. आवाज माझाच होता, स्वच्छ —

कोणाला सांगू?

सोमवार, २० मे

चौकशीच्या हॉलमध्ये. इथेच बसून लिहितेय. लिहायलाच हवं.

अधिकारी म्हणाले, ते वाक्य एकदा म्हणून दाखवा, यंत्रातल्या आवाजाशी ताडून बघायचंय. मी लिहून दिलं, आवाज नाही. खोटं लिहिलं. ते म्हणाले, प्रयत्न तर करा. हॉल भरलेला. निम्मे लोक उभे, भिंतीला टेकून. रागावलेले. मालकांच्या वकिलाला कोणी नीट बोलू देत नव्हतं. बरं वाटत होतं मला ते ऐकून.

मी मान हलवली. नाही म्हणून. पण तोंड —

म्हटलं. पूर्ण वाक्य.

सगळे गप्प झाले. उभे होते ते जमिनीवर बसले. चष्मेवालासुद्धा. त्याने त्या दिवशी ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. अत्तरवालीने डोळे मिटले.

कामकाज संपलं, असं अधिकाऱ्यांनी कागदावरून वाचलं. निघा असं ते कोणालाच म्हणाले नाहीत. तेही बसून आहेत. दारातला शिपाई दारातच बसलाय. दार उघडं आहे. बाहेर रस्ता दिसतो, फळवाला दिसतो, ऊन होतं ते आता उतरलंय. कोणी उठत नाही.

सगळे माझ्याकडे बघतायत. चेहरे शांत. ताईचा असाच झाला असेल का —

उठा म्हणायला गेले. तेच वाक्य आलं. पुन्हा.

माना खाली गेल्या. किती निवांत —

गोटी भावोजींच्या मांडीवर. ती आता माझ्या तोंडावर हात ठेवायला येत नाही. तिला उचलायला गेले. दोन्ही हातांनी खुर्ची धरून ठेवलीय. ओढली तर हसली. ओशाळी.

हातांनी खुणा केल्या. दाराकडे बोट दाखवलं. बघतात. हसतात. कोणी पहिलं उठायला तयार नाही —

आणि माझेही पाय. मघापासून. छान वाटतंय —

नाही.

एकच शब्द. दोन अक्षरं. पहिलं आलं तरी चष्मेवाला ओळखेल, तो उठेल, एक उठला की —

गोटीचे डोळे मिटतायत.

दात आवळून, हळूहळू उघडते. नुसतं पहिलं अक्षर. उ —

क —

कृ